व्याह्याचा वजीर

इंद्रभान हिवाळे यांना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. देऊळगाव राजाच्या बसस्थानकावर मी चिखलीच्या गाडीची वाट बघत उभा होतो. तेवढ्यात छताला टांगलेल्या भोंग्यातून आवाज आला, "जालना गाडी फलाट दोनवर लागली आहे. एकदाची."

त्या 'एकदाची'मध्ये इतकी शिसारी भरली होती, की छपरावरची कबुतरं उडाली ती सिंदखेड राजा येईपर्यंत कुठं टेकली नाहीत. आईच्या कडेवरचं एक रडकं पोर गप्प झालं आणि चूक झाल्यासारखं आईकडे बघू लागलं. गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरनं गाडी होती तशी आडवी सोडली आणि खाली उतरून शर्टाची वरची गुंडी लावली. जालन्याच्या गाडीत चढलेले निम्मे प्रवासी उतरले. आपण जालन्याला निघालो आहोत यात काहीतरी लाजिरवाणं आहे, असं त्यांना वाटलं असावं.

मी नियंत्रकाच्या खिडकीतून आत डोकावलो. कुणीतरी नाकाखाली नासलेलं दूध धरलं आणि मग ते काढून घ्यायचं विसरून गेलं, असा एक चेहरा आत माइकसमोर बसला होता. मी अदबीनं विचारलं, "साहेब, चिखलीची गाडी कधी आहे?"

त्यांनी मला चपलेपासून भांगापर्यंत न्याहाळलं. "काऊन? काय आहे चिखलीत?"

मी घरी परत गेलो. चिखलीत मला मुलगी पाहायची होती. माझं लग्न पुढे मेहकरच्या मुलीशी झालं.

अशा माणसाशी मैत्री होत नसते, पण माझी झाली. एसटीच्या नोकरीत त्यांचं अर्धं आयुष्य त्या खिडकीमागे गेलं आणि माझ्या बऱ्याच संध्याकाळी तिच्यापुढे. इंद्रभानभाऊंना शिसारी येणार नाही अशी वस्तू शोधणं हा आमच्या गावातल्या रिकाम्या माणसांचा आवडता उद्योग होता. चहात वेलची आली, की ते कप दोन बोटांनी लांब सरकवायचे, "चहा आहे का वरात?" मोबाइलवर कुणी गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' धाडलं, की फोन टेबलावर पालथा पडायचा आणि दुपारपर्यंत तसाच. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांखालून जाताना ते स्कूटर चालवता चालवता डोळे मिटत. त्यामुळे एकदा ते फलकाच्या खांबालाच धडकले, आणि त्यांना हात धरून उठवायला नेमका फलकावरचाच माणूस आला. ते उठलेच नाहीत. तो गेल्यावर उठले.

पण या सगळ्याच्या वर एक शिसारी होती, नकलेची. गल्लीत एकानं घराला पोपटी रंग दिला, की दिवाळीपर्यंत गल्ली पोपटी. एका नवरदेवानं काळा चष्मा लावून फोटो काढला, की पुढचे सगळे नवरदेव आंधळे. "यायच्या मानेवर डोकं हाये का आरसा?" असं ते विचारत आणि उत्तराची वाट न बघता थुंकायला बाहेर जात.

जगात एकच गोष्ट अशी होती, की तिच्यासमोर त्यांचं नाक सरळ व्हायचं. बुद्धिबळाचा पट. मोहरे मांडले, की त्या चेहऱ्यावरच्या आठ्या एकेक करून उठून जायच्या आणि खाली एक बऱ्यापैकी देखणा माणूस सापडायचा. त्यांच्या पत्नी सिंधूताई मला एकदा म्हणाल्या, "मी बुद्धिबळ शिकले ते काऊन शिकले, भाऊ? लग्न झाल्यावर पाहावं म्हटलं, यायचं तोंड नीट असलं की कसं दिसते."

पटावरही त्यांची एक शिसारी होतीच, बरोबरीची. आमच्या जिल्ह्यातल्या स्पर्धांना एक जुनी खोड आहे. शेवटच्या फेरीला जेवणाचा वास सुटला, की दोन खेळाडू पाच-सात चाली खेळतात, एकमेकांकडे बघून हसतात, हात मिळवतात आणि अर्धा-अर्धा गुण घेऊन पंगतीला बसतात. इंद्रभानभाऊंनी उभ्या आयुष्यात असा हात मिळवला नव्हता. कुणी बरोबरीचं विचारलंच, तर ते त्याच्याकडे असे बघत, की विचारणारा आपला शब्द मागे घेऊन वर माफी मागत असे. हात लावला तो मोहरा चालवायचाच, या नियमाबाबत तर ते कसायासारखे होते. खामगावच्या एका डॉक्टरांना त्यांनी, नुसतं बोट लागलं म्हणून, हत्ती मरणाच्या घरात न्यायला लावला होता. डॉक्टर म्हणाले, "अहो, मी फक्त धूळ झटकत होतो." हे म्हणाले, "आता तिकडं जाऊन झटका."

आणि तरीही जिल्ह्यातून राज्य स्पर्धेला जायचं त्यांच्या नशिबी आलं नव्हतं. पन्नाशीच्या वरच्या खेळाडूंसाठी जिल्ह्याला एकच जागा. दरवर्षी इंद्रभानभाऊ दुसरे यायचे. दुसऱ्याला एक कप मिळतो. त्या कपांमध्ये सिंधूताईंनी कोथिंबीर, पुदिना आणि एक ओव्याचं झाड लावलं होतं. निवृत्ती जवळ आली तसं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं, "एकदा राज्याले जाऊन येतो. मंग बसतो ओव्याले पानी घालत."

त्याच वर्षी जिल्ह्याची स्पर्धा देऊळगाव राजात भरली, आणि त्याच वर्षी तिच्यात सोनाळ्याच्या पंजाबराव तायड्यांनी नाव दिलं.

पंजाबराव म्हणजे इंद्रभानभाऊंचे व्याही. यांची लेक धम्मशीला पंजाबरावांच्या मुलाला, प्रसेनजितला, दिलेली. व्याही म्हणजे शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला, गोल चेहऱ्याचा, अत्यंत गोड माणूस. इतका गोड, की इंद्रभानभाऊंना त्यांच्याजवळ बसलं की दात दुखायचे. पंजाबरावांना स्वतःचं असं मत नव्हतं. ते समोरच्याचं वापरत. सोयरिकीच्या बैठकीत इंद्रभानभाऊ म्हणाले, "लग्न साधं करू." पंजाबराव म्हणाले, "साधंच करू." "देणं-घेणं काही नाही." "काईच नाई." "मंडप लहान." "लहानच." इंद्रभानभाऊ भांडायची तयारी करून गेले होते, त्यांच्या सगळ्या तोफा तशाच परत आल्या. लेकीला चांगलं घर मिळालं म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते आणि असा माणूस सोयरा मिळाला म्हणून नाक वर गेलं होतं. हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर कसं मावलं, हे मी स्वतः पाहिलंय.

स्पर्धेसाठी पंजाबराव अर्थातच व्याह्यांच्या घरी उतरले. "इवाई, तुमी काय घेता?" असं विचारून त्यांनी इंद्रभानभाऊ जे घेतील ते घेतलं. यांनी भाकरी मोडली, की त्यांनी मोडली. यांनी ठेचा नको म्हटलं, तर ठेच्यावर जीव असलेल्या त्या माणसानंही हात आखडला. यांनी ढेकर दिली आणि घाबरून समोर पाहिलं. एका क्षणानं तिकडूनही ढेकर आली.

"छ्या," इंद्रभानभाऊ दुसऱ्या दिवशी खिडकीतून मला म्हणाले, "अंगावर काटा येते. माह्या घरात मी दोन झालो."

आणि हा माणूस जिंकत होता! पंजाबरावांची पद्धत सोपी होती. समोरचा जी चाल खेळेल तीच आपण खेळायची. समोरचा वैतागायचा, मग काहीतरी वेडंवाकडं करायचा, आणि पंजाबराव हळहळत, मान हलवत, "अरे अरे, असं काऊन केलं तुमी," असं म्हणत त्याला मात द्यायचे. शेवटच्या फेरीला ते पहिले होते आणि इंद्रभानभाऊ अर्ध्या गुणानं मागे, दुसरे. जोडी लागली ती या दोघांची. बरोबरी झाली असती तरी पंजाबराव राज्याला जाणार होते. इंद्रभानभाऊंना जिंकणंच भाग होतं.

सकाळी निघताना सिंधूताईंनी नवऱ्याला दारात थांबवलं. "हे पहा, पोरीचा सासरा हाये. हरवायचं तं खुशाल हरवा. पन तोंड नीट ठेवून हरवा."

"तोंडाचं मी पाहातो."

"तुमी काय पाहाता? ते आमाले दिसते, तुमाले नाई."

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. जिथं जेवणं तिथंच खेळ, त्यामुळे सगळ्या पटांवर जुन्या वरणाचा वास बसला होता. पंखे फिरत नव्हते, ते नुसते कण्हत होते. सतरंजीखाली कुठल्यातरी लग्नाच्या अक्षता होत्या, त्या पायांना टोचत. इंद्रभानभाऊंनी खुर्ची रुमालानं पुसली, रुमाल पाहिला, आणि रुमाल टाकून दिला.

त्यांच्याकडे पांढरे मोहरे आले. त्यांनी वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मधल्या प्याद्यांना हात न लावता पटाच्या एका अंगानं सुरुवात करायची ही रीत, पुस्तकात तिला इंग्लिश ओपनिंग म्हणतात. पंजाबरावांनी प्रसन्न हसून तेच प्यादं तसंच दोन घरं सरकवलं. यांनी घोडा काढला, त्यांनी घोडा काढला. यांनी राजाच्या बाजूचं एक प्यादं एक घर पुढे करून त्याच्या मागे उंट लपवला. तिकडेही एक उंट लपला. यांनी राजाला कोपऱ्यात नेऊन हत्तीच्या आड बसवलं. तिकडचाही राजा जाऊन बसला. पट मधोमध घडी घातला असता, तर प्रत्येक मोहरा आपल्या सख्ख्या भावाच्या डोक्यावर बसला असता.

मी प्रेक्षकांच्या बाकावर होतो. आरशापुढे बसून कुणी जेवतंय आणि आरशातला माणूसही मिटक्या मारतोय, असं ते दृश्य होतं. इंद्रभानभाऊ पाणी प्यायले. पंजाबराव पाणी प्यायले. इंद्रभानभाऊंनी चष्मा पुसला. पंजाबरावांना चष्मा नव्हता, त्यांनी डोळे पुसले. इंद्रभानभाऊंचं नाक, जे पटासमोर आयुष्यात कधी वर गेलं नव्हतं, ते हळूहळू वर जाऊ लागलं. पंजाबरावांनी नाक वर केलं नाही. तेवढी एकच चाल त्यांना जमली नाही.

पण आमचा माणूस नुसता वैतागत नव्हता. सकाळीच मला त्यानं सांगून ठेवलं होतं, "नक्कल करनारा एक गोष्ट इसरते. तो एक चाल मागं असते. मी बंदूक रोखली, की तो बी रोखते. पन घोडा पहिले मी दाबतो."

आणि तसंच चाललं होतं. इंद्रभानभाऊ एकेक मोहरा काळ्या राजाच्या दिशेनं नेत होते, पंजाबराव आपले मोहरे तितक्याच भक्तिभावानं पांढऱ्या राजाकडे आणत होते. शेवटी इंद्रभानभाऊंनी वजीर उचलला आणि काळ्या राजाच्या थेट दारात नेऊन ठेवला. पुढच्या चालीला मात. वाचायची एकच वाट होती, पंजाबरावांनी आपला घोडा मागे आणून दार अडवायचं. घोड्याशिवाय दुसरं काहीही हललं, की खेळ संपला.

पंजाबरावांनी प्रसन्न हसून आपला वजीर उचलला.

तो पटाच्या चार बोटं वर होता, तेव्हा त्यांना दिसलं. हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस निघून गेला. मी बाकावरून अर्धा उठलो. हात लागला होता, वजीर उचलला होता, आता वजीरच चालवायचा. पंच दुसऱ्या टोकाला एका भांडणात अडकले होते, पण पंचांची गरजच नव्हती. समोर खामगावच्या डॉक्टरांना हत्ती घालवायला लावणारा माणूस बसला होता. राज्य स्पर्धा त्या चार बोटांच्या अंतरात लटकत होती.

"अरे बापा," पंजाबराव हळूच म्हणाले. "लागला ना हात."

हे तेच कार्यालय होतं, जिथं इंद्रभानभाऊंनी धम्मशीलाचं लग्न लावून दिलं होतं. त्या दिवशी सकाळपासून गाडी हलेपर्यंत ते हात जोडून उभे होते. पाहुण्यांच्या पानात काही कमी पडू नये, कुणाचं मन दुखावू नये, सोयऱ्यांकडून एवढाही शब्द येऊ नये. त्या दिवसाची सवय त्यांच्या अंगात कुठंतरी शिल्लक असावी, कारण त्यांच्या तोंडून शब्द आले,

"राहू द्या. घ्या परत."

पंजाबराव दचकले. "नाई नाई इवाई. लागला म्हंजे लागला. नेम हाये."

"नेमाचं काय एवढं? घ्या हो."

"नको ना. बरं नाई दिसत."

"असं कसं? आमच्या गावाले आले तुमी. घ्या म्हन्तो ना."

मी इंद्रभानभाऊंकडे बघत होतो. त्यांचं तोंड बोलत होतं आणि त्यांचे डोळे, गाडीखाली कुत्रं जाताना बघावं तसे, त्या तोंडाकडे बघायची धडपड करत होते. एकदा जिलेबीचं ताट पुढे केलं, की आमच्याकडे यजमानाला थांबता येत नाही. पाहुणा 'नको' म्हणतो, यजमान 'घ्या' म्हणतो, पाहुणा पानावर आडवा हात धरतो, यजमान हाताच्या फटीतून वाढतो. दोघांनाही हे थांबवायचं असतं आणि थांबवता येत नाही. शेजारच्या पटावरचा एक जण "शूऽऽ" म्हणाला, तर इंद्रभानभाऊ त्यालाच ओरडले, "तू गप रे! सोयऱ्याधायऱ्यात बोलू नको." आणि पुन्हा व्याह्यांकडे वळून हात जोडले. खरोखर जोडले.

"माह्यासाठी घ्या. माह्या गळ्याची आन."

पंजाबराव आयुष्यात कुणाला फार वेळ नाही म्हणू शकले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं मन कसं मोडू, इवाई? तुमी म्हन्ता, तं घेतो." त्यांनी वजीर जागेवर ठेवला आणि घोडा मागे आणून दार अडवलं.

मग काही उरलंच नाही. वजिरावर वजीर गेला, उंटावर उंट, घोड्यावर घोडा. दोन्ही बाजूंची प्यादी जोडीजोडीनं पटाबाहेर जाऊन बसली. शेवटी पटावर दोन राजे राहिले, समोरासमोर, एकमेकांची नक्कल करत. पंजाबरावांनी हात पुढे केला. इंद्रभानभाऊंनी तो घेतला. मेलेली पाल शेपटीनं उचलून टाकताना माणूस जसा ती बोटांना कमीत कमी लागू देतो, तसा.

घरी सिंधूताईंना आधीच कळलं होतं. पंजाबराव न्हाणीत हातपाय धूत होते तेवढ्यात त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. मी ओट्यापाशी पाणी पीत होतो, मला बाहेर जायची संधीच मिळाली नाही.

"काऊन दिला परत?"

"तूच म्हनली ना, पोरीचा सासरा हाये."

"मी तोंड नीट ठेवा म्हनलं होतं! वजीर द्या कोन म्हनलं? तोंड तं तुमी ठेवलंच नाई, वजीर मात्र देऊन बसले."

तेवढ्यात धम्मशीलाचा फोन आला. सिंधूताईंनी तो मोठ्या आवाजावर टाकला. "बाबा, असं काऊन केलं? मामंजींना काही वाटलं नसतं. ते हरून आले असते तरी पेढे घेऊनच आले असते. मला म्हणालेसुद्धा होते निघताना, तुझा बाप जिंकला तर बरं, मला ते राज्याचं उगीच लांब पडतं."

इंद्रभानभाऊंनी भिंतीवरच्या आरशात पाहिलं. ते आरशाकडे कधी बघत नसत. शिसारीनं भरलेला एक चेहरा आयुष्यभर ते गावाला दाखवत आले होते, आणि तो आता त्यांच्याकडेच तसा बघत होता. "छ्या," ते त्याला म्हणाले, आणि व्याह्यांना टॉवेल द्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव खामगावच्या गाडीनं निघाले. इंद्रभानभाऊंनी स्वतः आधी गाडीत शिरून खिडकीजवळची जागा धरून ठेवली, पिशवी वर ठेवली, सिंधूताईंनी दिलेल्या धपाट्यांचा डबा मांडीवर दिला आणि कंडक्टरला बजावलं, की पाहुणे आहेत, खामगावला सोनाळ्याच्या गाडीत बसवून दे. पंजाबरावांनी खिडकीतून हात जोडले, यांनी जोडले. यांनी आधी जोडले की त्यांनी, हे मला सांगता येणार नाही. गाडी हलली तसे इंद्रभानभाऊ आपल्या खिडकीमागे जाऊन बसले आणि माइक पुढे ओढला. "खामगाव गाडी फलाट एकवरून सुटली आहे," ते म्हणाले. आणि त्यांनी माइक बंद केला. रांगेतले दोन-चार जण उगीच वर भोंग्याकडे बघत थांबले.

"इंद्रभानभाऊ," मी म्हटलं, "पुढच्या वर्षी तुम्हीच."

"हाव," ते म्हणाले, आणि माझ्या चहात वेलची आहे का ते वास घेऊन पाहिलं.

पंजाबराव राज्य स्पर्धेला गेले आणि शेवटून तिसरे आले. पुढच्या वर्षी जिल्ह्यानं पन्नाशीच्या वरच्यांची ती जागा ठेवली नाही.